नवें ऑर्किड आणि जुनी कीड

दारीं आलेल्या पाहुण्यास ओसरीवर ताटकळत ठेवणें आपल्या घरांत अशिष्टपणाचें समजतात. परंतु विकत आणलेलें रोप हा असा पाहुणा आहे, कीं त्यास महिनाभर ओसरीवर थांबविण्यांतच घराचें हित असतें. उभा जन्म दुसऱ्यांस धडे देण्यांत घालविल्यावर हा धडा आम्ही साठी उलटल्यानंतर शिकलों. तो शिकतांना जी किंमत पडली, तिचीच हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें बिऱ्हाड नांदेडास. धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त लातुरास असतात. गेल्या उन्हाळ्यांत धाकट्या सूनबाईंनीं पुण्याच्या एका रोपवाटिकेंतून तीन ऑर्किडें आणलीं. दोन फॅलेनॉप्सिस आणि एक डेंड्रोबियम. मे महिन्यांत मंडळी सुटीसाठीं नांदेडास निघालीं, तेव्हां मागें पाणी घालणारें कोणी नाहीं म्हणून त्यांनीं कुंड्याही बरोबर घेतल्या. ज्या गांवास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून पाजावें लागलें, तेथील गृहिणीस पाण्याचें मोल शिकवावें लागत नाहीं. भाजी धुतलेलें पाणीही सूनबाई झाडांस घालतात. अशा काटकसरीनें जगविलेलीं तीं रोपें होतीं.

इकडे आमच्या अंगणांतील आंब्याच्या खोडास एक जुना वंदा आहे. किनवट तालुक्यांत आम्ही शिक्षक असतांना शेताच्या बांधावरील एक आंबा वादळांत उन्मळून पडला. त्याच्या फांदीवरील हें ऑर्किड वाळून जाऊं नये म्हणून आमच्या कुटुंबानें शेतमालकास विचारून सोडवून आणलें. ती निवर्तल्यास आतां सहा वर्षें झालीं. दरवर्षीं पिवळसर तपकिरी, चौकटीच्या नक्षीचीं, जांभळ्या ओठाचीं सुगंधी फुलें येतात, आणि तीं आलीं कीं घरांत तिची आठवण निघते. कित्येक लोक यास बांडगूळ म्हणतात, तें मात्र चूक. बांडगूळ झाडाचा रस ओढतें. ऑर्किड केवळ आधार घेतें. गंमत अशी, कीं झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींचें ‘वंदा’ हें संस्कृत नांव सर विल्यम जोन्स यांनीं या ऑर्किडास दिलें, आणि १८२० मध्यें रॉबर्ट ब्राउन यांनीं तें वनस्पतिशास्त्रांत रूढ केलें. आज जगभर हें कुल ‘वँडा’ याच नांवानें ओळखतात.

नवीं रोपें आलीं त्या सायंकाळीं सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, हीं कांहीं दिवस वेगळीं ठेवूं या का?” आम्हीं हंसून उत्तर दिलें, “अगं, आल्या आल्या पाहुण्यांस कोंडून का ठेवावयाचें?” आणि स्वतःच्या हातानें तिन्ही कुंड्या वंद्याच्या शेजारच्या फांदीस टांगल्या. दोष द्यावयाचा तर तो आमच्याच पदरीं घातला पाहिजे.

बाराव्या दिवशीं सकाळीं पूजेसाठीं तुळस खुडतांना आंब्याच्या खोडावर मुंग्यांची रांग दिसली. आंबे उतरवून झाले होते. मग मुंग्या कशास चढतात? पाहतों तों रांग थेट वंद्याच्या पानांच्या बेचक्यांत शिरलेली. तेथें कापूस चिकटावा तसे पांढरे पुंजके होते, आणि पानास बोट लावतांच चिकट लागलें. हा पिठ्या ढेकूण. नव्या फॅलेनॉप्सिसचें खालचें पान उलटून पाहिलें, तेव्हां त्याचें माहेर सांपडलें.

हा कीटक पानांत सोंड खुपसून रस ओढतो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपानें बाहेर टाकतो. त्या गोडीसाठीं मुंग्या येतात आणि मोबदल्यांत त्याच्या शत्रूंस हुसकावून लावतात. पुढें त्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. म्हणून झाडावर मुंगी दिसतांच पान उलटून पाहावें. ती चोराची राखणदार असते.

थोरल्या बंधूंचे चिरंजीव शेती पाहतात. ते त्याच दिवशीं कपाशीवर फवारावयाच्या औषधाची बाटली घेऊन आले. “काका, एक झांकण पुरे. उद्यां एकही किडा राहणार नाहीं.” खरें सांगावयाचें तर आमचें मन डळमळलें. वंद्याकडे पाहून विवेक सुटत चालला होता. तेवढ्यांत सूनबाईंनीं आंब्याखालची खाट उचलून पडवींत नेली. त्यावर आमचा पांच वर्षांचा नातू रोज झोपतो. त्या इतकेंच म्हणाल्या, “फवारा मारणार असाल तर तुळशीचें पान कोणीं तोंडांत घालावयाचें नाहीं, असेंही सर्वांस सांगून ठेवा.” आम्ही खजील झालों. किनवटास लागूनच असलेल्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ च्या खरिपांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हें आम्हीं वाचलें होतें. तरीही बाटली अंगणापर्यंत आलीच होती. पुतण्यानेंही हट्ट धरला नाहीं. ती परत गेली.

मग आम्हीं जें केलें तें क्रमानें सांगतों. प्रथम नवीं रोपें माडीवरील खिडकींत, इतर झाडांपासून दूर नेलीं. दवाखान्यांत वापरतात त्या सत्तर टक्क्यांच्या स्पिरिटांत कापसाची काडी भिजवून एकेक ढेकूण टिपला. पान चोळावयाचें नाहीं. किडीच्या अंगास काडी टेकवावी आणि ती उचलून घ्यावी. स्पिरिट चटकन पेट घेतें, म्हणून हें काम समई-निरांजनापासून दूर, खिडक्या उघड्या ठेवून करावें. नंतर एक लिटर पाण्यांत चहाचा एक चमचा सौम्य द्रव साबण मिसळून पानांची पाठ आणि बेचकीं भिजविलीं, व थोड्या वेळानें स्वच्छ पाण्यानें धुतलीं. साबण प्रत्यक्ष अंगास लागला तरच कीड मरते. वाळल्यावर त्याचा गुण उरत नाहीं. आधीं एका पानावर लावून दोन दिवस परीक्षा पाहावी, आणि उन्हांत हा प्रयोग कधींही करूं नये. फॅलेनॉप्सिसच्या गाभ्यांत पाणी सांचलें तर गाभा कुजतो. तें कापसानें टिपून घ्यावें. नव्या कुंड्यांतील नारळाच्या सालीचे जुने तुकडे बांधून कचऱ्यांत टाकले, मुळें धुतलीं, आणि नव्या सालींत व कोळशांत रोपें लावलीं.

हें सारें आठ-आठ दिवसांनीं चार वेळां केलें. एकदां करून थांबणाऱ्याचे श्रम वायां जातात. मादी कापसासारख्या पिशवींत शेंकडों अंडीं घालते. त्यांतील पिलें मागाहून बाहेर पडतात. खवले कीड तर याहून कावेबाज. पिलूं असतांनाच ती हिंडते. पुढें एका जागीं बसून पाठीवर ढाल धरते. ती आधीं नखानें हळूच खरवडावी, मग साबण लावावा.

पाने रुपेरी, निस्तेज दिसूं लागलीं आणि पाठीवर बारीक जाळें दिसलें, तर तो लाल कोळी समजावा. आमच्या भागांतील कोरडा उन्हाळा त्यास फार मानवतो. पानांची पाठ पाण्यानें वरचेवर धुणें हा त्यावरील पहिला उपाय. कळ्या वेड्यावांकड्या होऊन पाकळ्यांवर डाग पडले, तर फुलकिडे असण्याचा संभव. तो फुलोरा कापून पिशवींत बांधून टाकावा. जुन्या घरांतून तंबाखूचा काढा फवारण्याची रीत होती. परंतु तंबाखूंतील निकोटीन हेंही जालीम विषच आहे. मुलें खेळतात तेथें तो काढा नको.

एक सूचना विसरूं नये. ‘क्रिप्टोलीमस’ नांवाचा एक ढालकिडा पिठ्या ढेकणांवरच जगतो. त्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणाचे झुपके असतात, आणि गडबडींत लोक मित्रासच चिरडतात. झपाट्यानें चालणारा मोठा पांढरा जीव दिसला तर त्यास हात लावूं नये.

आमच्या अंगणांत घडलें तेंच देशाच्या शेतांतही घडलें आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण परदेशांतून येऊन २००८ मध्यें कोइमतूरच्या बाजूस प्रथम आढळला, आणि पाहतां पाहतां महाराष्ट्रांतील बागांपर्यंत पोंचला. अखेर २०१० मध्यें त्याच्यावर जगणाऱ्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या पोर्तो रिकोहून आणून सोडल्या, तेव्हां तो आटोक्यांत आला. किडीस पाय थोडेच चालवावे लागतात. माणसें तिला रोपांबरोबर हौसेनें घरीं आणतात.

आमचें एक फॅलेनॉप्सिस गेलें. वंद्याचीं चार पानें पिवळीं पडून गळलीं, आणि यंदा त्यास फूल आलें नाहीं. परंतु श्रावणांत त्याच्या खोडांतून हिरव्या टोकाचें एक नवें मूळ बाहेर आलें. नातवानें तें प्रथम पाहिलें आणि घरभर ओरडत सांगितलें.

आतां माडीच्या खिडकीशेजारीं सूनबाईंनीं एक दिनदर्शिका टांगली आहे. नवें रोप आलें कीं त्या तारखेवर खूण होते, रोज सकाळीं पानें उलटून पाहण्याचें काम नातवाकडे असतें, आणि महिना निर्दोष गेल्यावरच रोपास अंगणांत प्रवेश मिळतो. परवां आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें भेटीदाखल एक डेंड्रोबियम आणून दिलें. तें आम्ही कौतुकानें आंब्याकडे नेत होतों. नातवानें वाट अडविली आणि जिन्याकडे बोट दाखविलें. आम्ही निमूटपणें माडी चढलों.