गाडी घ्या, पण दुकानाचं भांडवल मोडून नको



"सर, चार लाखांत जुनी गाडी मिळतेय. रोख घेऊ की लोन करू?" हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणारा बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच देतो, "रोखच बरी, व्याजाची कटकट नको."

माझं मत स्पष्ट सांगतो. नोकरदाराला हे ठीक आहे. पण ज्याचा धंदा आहे, त्याने गाडीसाठी खेळतं भांडवल मोडू नये. आणि हप्ता छोटा दिसतो म्हणून लांब मुदतीचं लोनही घेऊ नये.

हे मी ठेच लागूनच शिकलो. माझं भांड्यांचं दुकान आहे. पहिली गाडी, जुनी वॅगनआर, गणपतीच्या आधी पूर्ण रोखीत घेतली. घरचे खूश, मीही खूश. धनत्रयोदशीचा माल भरायची वेळ आली तेव्हा मात्र हातात पैसेच नव्हते. उधारीवर माल उचलला, रोखीवरची 3 टक्के सूट गेली, आणि चालणारा माल तोवर दुसऱ्यांनी नेला होता. कुकर मागायला आलेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं. वाचवलेल्या व्याजापेक्षा सीझनचा तोटा मोठा होता.

आता लोनचा हिशोब बघू. समजा गाडी 4 लाखांची, 1 लाख तुमचे, 3 लाखांचं लोन, व्याज 14 टक्के रिड्यूसिंग. 3 वर्षांसाठी हप्ता साधारण 10,250 रुपये आणि एकूण व्याज 69,000. 5 वर्षांसाठी हप्ता 6,980, पण व्याज जवळपास 1,19,000. म्हणजे हप्ता हलका करायची किंमत 50,000 रुपये.

इथे एक सापळा आहे. एजंट म्हणतो, "आमच्याकडे फक्त 9 टक्के." विचारा, फ्लॅट की रिड्यूसिंग? 9 टक्के फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण 3 लाखांवर व्याज. ते होतं 1,35,000, हप्ता 7,250. म्हणजे 14 टक्केवालं लोन या 9 टक्क्यांपेक्षा स्वस्त पडलं! म्हणून टक्का ऐकून हुरळू नका. प्रोसेसिंग फी धरून एकूण किती भरायचे, तो आकडा लिहून मागा. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हेही विचारा.

मग हप्ता किती झेपेल? चांगल्या महिन्यावर ठरवू नका. गेल्या 12 महिन्यांतला सगळ्यात मंद महिना काढा. त्या महिन्याच्या नफ्यातून घरखर्च आणि चालू हप्ते वजा करा. उरलेल्याच्या निम्म्यात गाडीचा 3 वर्षांचा हप्ता बसला पाहिजे. बसत नसेल तर मुदत वाढवू नका, गाडी स्वस्तातली बघा. स्विफ्टऐवजी जुनी सँट्रो आली तरी मुलं शाळेत वेळेवरच पोचतात.

गाडी निवडताना दिखाऊपणा बाजूला ठेवा. तुमच्या गावात जिचे पार्ट आणि मेकॅनिक सहज मिळतात, ती गाडी चांगली. रोज लांबचं रनिंग असेल तरच सीएनजीचा विचार करा. टाकी डिकी खाते, तिथे थोडाफार माल ठेवायचा असेल तर अडचण होते. किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची नोंद आरसी बुकात आहे का बघा. आपला मेकॅनिक सोबत न्या आणि इंजिन थंड असताना गाडी चालू करून बघा. किमतीच्या 10 टक्के रक्कम टायर, बॅटरी, सर्व्हिसिंगसाठी वेगळी ठेवा.

कागदांत आळस नको. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरसाठी फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या. थकलेले चलन ऑनलाइन तपासा. इन्शुरन्स 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे प्रीमियमचा फरक आधीच धरा.

गाडी ही घरची गरज आहे, ती घ्यायलाच हवी. पण घर ज्या दुकानावर चालतं, त्या दुकानाला उपाशी ठेवून नाही. म्हणून गाडी बघायला जायच्या आधी आज रात्री वही काढा आणि तुमचा सगळ्यात मंद महिना शोधा. तुमचं बजेट त्या पानावर लिहिलेलं आहे.