चार रात्रींचे रहिवासी

युरोपातून परतलेल्या आमच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडी अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले आहे : ‘आम्ही हॉटेलात उतरलो नाही, व्हेनिसमध्ये चक्क घर घेऊन तेथल्या लोकांसारखे राहिलो.’ हे उच्चारताना वक्त्याच्या मुद्रेवर जी कृतार्थता विलसत असते ती पाहिली म्हणजे, बसमधून दहा दिवसांत सात देश पाहून येणाऱ्या बापड्यांविषयी त्यास केवढी कीव वाटत असेल याची कल्पना येते. आमच्या मते या दोघांत बसमधला मनुष्यच अधिक प्रामाणिक होय. तो निदान स्वतःस प्रवासी म्हणवितो.

हे ‘लोकांसारखे राहणे’ प्रत्यक्षात कसे असते? सांता लुचिया स्थानकाबाहेर पाऊल टाकताच समोर महाकालवा. येथून पुढे मोटार नाही, रिक्षा नाही; पेट्या हाती घेऊन पुलांच्या पायऱ्या चढाव्या आणि उतराव्या. घरांचे क्रमांक गल्लीवार नसून, आपल्या सदाशिव पेठेप्रमाणे, सबंध पेठेचे एकत्र असतात. कास्तेल्लो पेठेत तर ते सहा हजारांच्याही पुढे जातात. त्यामुळे पत्ता खिशात असूनही घर सापडता सापडत नाही. सापडते तेव्हा दारी कोणी उभे नसते. गजाला एक लोखंडी डबी लटकत असते. मोबाइलवर आलेले आकडे जुळविले की तीतून किल्ली निघते. आत शुभ्र चादरी, भिंतीवर गोंडोल्याचे चित्र आणि मेजावर सूचनांचा कागद. झाले, कुटुंब स्थिरस्थावर झाले!

अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे सांगतात. येथे येण्याची तिथी ठरलेली, जाण्याची ठरलेली, पैसेही आगाऊ भरलेले. नाही तो केवळ यजमान. आणि परक्या शहरात रुळणे म्हणजे पेट्या उघडून कपडे खुंटीला लावणे नव्हे. साधी केराची गोष्ट घ्या. व्हेनिसमध्ये रात्री दाराबाहेर केर ठेवून चालत नाही. सकाळी ठराविक वेळी तो गोळा करणाऱ्याच्या हाती द्यावा, नाहीतर त्याच्या नावेपर्यंत स्वतः नेऊन पोचवावा, अशी तेथील रीत आहे. शेजाऱ्यास हे अंगवळणी पडलेले असते. आमच्या चार रात्रींच्या रहिवाशाने ते फार तर कागदावर वाचलेले असते, आणि त्यास तर पहाटेची गाडी गाठावयाची असते. पिशवी दाराशीच राहते, समुद्रपक्षी ती फोडतात, आणि उरलेले शेजारी झाडतात.

शहर मात्र या भ्रमात नाही. तेथील जलबसचे तिकीट परक्यास नऊ-दहा युरोंना पडते. रहिवाशास त्याच फेरीला दीडेक युरो पुरतो.

हे रहिवासी उरले तरी किती? १९५१ साली जुन्या व्हेनिसची वस्ती सुमारे पावणेदोन लाख होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली. पुढच्याच वर्षी तेथील नागरिकांनी केलेल्या मोजणीत असे आढळले की, प्रवाशांसाठी मांडलेल्या खाटा रहिवाशांच्या संख्येहून अधिक झाल्या आहेत. याचे सारे पाप प्रवाशांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. १९६६ च्या नोव्हेंबरातील महापुराने तळमजल्यांवरील कित्येक बिऱ्हाडे उठविली, आणि नोकऱ्या तर मुख्य भूमीवर आधीच चालल्या होत्या. पण पूर्वी घर रिकामे झाले तर तेथे दुसरे कुटुंब येण्याची आशा असे. आता त्या घराच्या किल्लीसाठी डबी येते. कारण महिन्याच्या भाड्याने कुटुंब ठेवण्यापेक्षा रात्रीच्या भाड्याने आम्हांस ठेवणे मालकास परवडते. ज्याच्यासारखे राहिलो म्हणून आम्ही फुशारकी मारतो, तो मनुष्य सकाळी मेस्त्रेहून बसने पूल ओलांडून येतो आणि आमच्यापुढे कॉफीचा पेला ठेवतो.

गंमत अशी की, २५ एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशी व्हेनिसने जो पाच युरोंचा प्रवेशकर बसविला, तो दिवसापुरता येणाऱ्या बसवाल्यावर. मुक्काम करणारा रात्रीचा निराळा कर भरतो म्हणून त्यातून सुटतो, आणि ही सूट त्यास आपल्या अभिरुचीची पावती वाटते!

अन्यत्र लोकांचा संयम सुटला आहे. रोममध्ये २०२४ साली काही तरुणांनी असल्या डब्या तोडून त्यांच्या जागी रॉबिन हूडच्या टोप्या ठेविल्या. बार्सिलोनाच्या नगराध्यक्षांनी त्याच वर्षी शहरातील १०,१०१ पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचे जाहीर केले.

यावर आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे : बरोबर वृद्ध आई-वडील असतात, त्यांस वरणभात लागतो, हॉटेलात चूल मांडता येत नाही. हा आक्षेप खोटा नाही. शाकाहारी कुटुंबाची इटलीत काय तारांबळ उडते ते आम्ही जाणतो. पण मग वरणभातासाठी घर घेतले असे सरळ सांगावे. त्यास संस्कृतिसमागमाचे नाव कशास? आणि घर घ्यावयाचेच तर मालक स्वतः त्या वास्तूत राहतो काय, एवढे आधी विचारून घ्यावे. ज्यांस चुलीवाचून चालते त्यांच्यासाठी लहान पेन्सिओने आहेत, मठांच्या अतिथिशाळाही आहेत. तेथे दाराशी जिवंत मनुष्य असतो. तो प्रथम पासपोर्ट मागतो, कारण पाहुण्याची वर्दी पोलिसांस देण्याचे बंधन इटलीत कायद्यानेच घातलेले आहे. आमच्या मंडळींस यात आपला अपमान दिसतो. तो बिचारा नाव उतरून घेतो, पेटीचे वजन नजरेने जोखतो, आणि उद्या स्थानकाकडे जाताना कोणत्या वाटेने कमी पूल लागतील ते सांगतो.