धनी परगावी असता

वार्षिक परीक्षा आटोपून शाळांना सुटी लागली, लग्नसराईने जोर धरला आणि कोणी कोकणात, कोणी चारधामला, तर कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी थेट अमेरिकेला जाण्याच्या तयारीला लागले, म्हणजे सातारा-सांगलीकडील आपल्या व्यवसायबंधूंच्या दवाखान्यांत एक ठरावीक विनंती येऊ लागते : "डॉक्टर, एवढे आठ दिवस याला ठेवून घ्या ना." विनंती करणारे गृहस्थ बहुधा जुन्या ओळखीचे असतात, त्यांच्या कुत्र्याला आपण पिलू असल्यापासून टोचीत आलेलो असतो, नाही म्हणणे जिवावर येते, आणि मागच्या खोलीतला एखादा पिंजरा त्या दिवशी नेमका रिकामाही असतो. त्या रिकाम्या पिंजऱ्याविषयी या अंकात थोडे स्पष्ट लिहावे असे आम्ही योजिले आहे.

गैरहजेरी ही या मुलखाला काही नवी नाही. विटे, खानापूर, आटपाडी या बाजूचे गलाई व्यावसायिक पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफी पेठांत सोन्याचांदीच्या भट्ट्या चालवीत आले आणि गावाकडचे घर जत्रेपुरते उघडीत आले. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर फौजेत गेलेल्या मुलांवरूनच 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखले जाते. आणि आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटणच्या वाटेला लागली की घरेच्या घरे तिच्यामागे चालू लागतात. या सर्वांच्या पश्चात कुत्र्याचे काय होई, हा प्रश्न कोणी कधी विचारला नाही, कारण तो पडतच नसे. वाड्यात मागे राहणारी आत्या असे, गोठ्यापाशी निजणारा गडी असे, आणि आळीतले कुत्रे नावाला एका घराचे असले तरी भाकरीला चार घरांचे असे. माण-खटावचे, जतचे मेंढपाळ चाऱ्यासाठी वाडा हलवितात तेव्हा कुत्रा आधी निघतो आणि माणसे मागून, तेव्हा तिथेही अडचण नाही. अडचण उभी राहिली ती कुत्रे उंबऱ्याच्या आत आले आणि आत्या बाहेर गेली तेव्हा. आज शाहूपुरीतल्या किंवा विश्रामबागेतल्या बंगल्यात दोन वृद्ध माणसे आणि एक लॅब्रॅडॉर एवढाच संसार असतो, मुलगा पुण्याला, मुलगी परदेशी, आणि शेजाऱ्याला त्या लॅब्रॅडॉरचे नावही ठाऊक नसते. संगम माहुलीला शाहू छत्रपतींच्या समाधीपाशी त्यांच्या खंड्या कुत्र्याचे स्मारक आहे. वाघापासून धन्याचा जीव वाचविला म्हणून त्याला पालखीचा मान आणि जहागीर मिळाली, असे सांगतात. स्वारी बाहेर पडली असता खंड्याची उठबस ठेवायला दरबारी माणसांची वाण पडली नसेल. आपल्या बंगलेवाल्यांपाशी दरबार नाही, म्हणून ते आपल्याकडे येतात.

आणि आपण त्या निरोगी जनावराला कोठे ठेवितो? ज्या खोलीत कालपर्यंत रक्ताची हगवण लागलेले पिलू सलाइनवर होते, तिथेच, त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यात. पार्व्होचा विषाणू लक्षणे दिसण्यापूर्वीच विष्ठेतून बाहेर पडू लागतो आणि बंद जागेत महिनोन्‌महिने तग धरतो, साध्या फिनेलने तो जात नाही, त्याला ब्लीचिंगच लागते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. संसर्गजन्य खोकला तर एका खोलीतल्या हवेने पसरतो. गोचिडींची गोष्ट आणखी निराळी : भिंतीच्या भेगेत एकदा तपकिरी गोचीड वस्तीला आली की पाहुणा कुत्रा ती अंगावर घेऊन घरी जातो, एर्लिकियाचा ताप दोनतीन आठवड्यांनी चढतो, तोवर मालक परत येऊन स्थिरस्थावर झालेला असतो, आणि तो ताप दाखवायला आपल्याच दवाखान्यात येतो. रोगाचा उगम आणि उपचाराचे बिल अशी एकाच पत्त्यावर गाठ पडते आणि कोणाच्याही ते लक्षात येत नाही, हे आपल्या धंद्याला भूषणावह नाही. दवाखाना ही आजाऱ्यांची जागा आहे. तिथे सुटीवरच्या कुत्र्याची पथारी घालणे ही भिडेखातर केलेली चूक असली तरी चूकच आहे, आणि ती बंद करावी, असे आमचे स्वच्छ मत आहे.

मात्र पिंजरा नाकारला म्हणजे आपली जबाबदारी संपली असे कोणी समजू नये. मालक मग जो मिळेल त्याच्या हवाली कुत्रे करून गाडी पकडतो, आणि पुढचा प्रसंग रात्री अकरा वाजता आपल्याच दूरध्वनीवर येतो. ठेवण्याची जागा आपण देऊ नये, पण कोठे ठेवावे, कोणत्या अटींवर ठेवावे आणि कोणी काय करावे याची तजवीज आपल्याइतकी जाणतेपणाने दुसरा कोणी करू शकत नाही.

या व्यवहाराचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. धर्मशास्त्रकारांनी न्यायालयापुढे येणाऱ्या तंट्यांची जी अठरा विवादपदे मोजली, त्यांत 'स्वामिपालविवाद', म्हणजे जनावराचा धनी आणि त्याचा राखणदार यांमधला तंटा, हे एक स्वतंत्र पद आहे. मनुस्मृतीतील पुष्कळ गोष्टी आपण टाकून दिल्या व योग्यच केले. परंतु तिच्या आठव्या अध्यायातील या प्रकरणाची व्यावहारिक बुद्धी आजही थक्क करते. दिवसा जबाबदारी राखणदाराची, रात्री जनावर धन्याच्या घरी असेल तर धन्याची, नसेल तर रात्रीचीही राखणदाराचीच. चोरांनी नेले आणि राखणदाराने आरडाओरड करून योग्य वेळी वर्दी दिली तर तो सुटला. लांडग्यांनी शेळ्यामेंढ्यांना घेरले असता तो धावून गेला नाही तर दोष त्याचा. आणि जनावर आपल्या मरणाने मेले तर त्याचे कान, कातडे, शेपूट आणून धन्याला खुणा पटवाव्यात. आपण कान-शेपूट मागत नाही, पण परक्या ताब्यात दगावलेल्या कुत्र्याचे शवविच्छेदन धन्याची वाट न पाहता त्वरित करून घ्यावे आणि दाखला लिहून ठेवावा, या नियमाचे मूळ तेच.

इंग्रजी अमदानीतला १८७२ चा करार कायदा निक्षेपाच्या प्रकरणात हेच निराळ्या शब्दांत सांगतो. कलम १५१ प्रमाणे ठेव ठेवून घेणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे, मग तो मोबदला घेवो वा न घेवो. कलम १५८ प्रमाणे फुकट सांभाळणाऱ्यालाही आवश्यक खर्च धन्याने भरून द्यावयाचा आहे. त्या कायद्यातील उदाहरणे तर जणू आपल्याचसाठी लिहिली आहेत. एकाने सांभाळावयास दिलेली गाय व्याली तर वासरूही परत द्यावयाचे. आणि घोडा खोडकर आहे हे ठाऊक असून न सांगता तो दुसऱ्याला दिला व स्वार पडला, तर भरपाई देणाऱ्याने करावयाची. मादी माजावर येण्याच्या बेतात आहे हे लपवून, किंवा 'तसा तो चावत नाही' असे म्हणून मागच्या दिवाळीत पोस्टमनला चावलेले कुत्रे सोपविणाऱ्या सद्‌गृहस्थांना ही दोन उदाहरणे आपण अवश्य वाचून दाखवावीत.

इंग्लंडात यासाठी १९६३ साली खास कायदा झाला. स्थानिक सत्तेचा परवाना, जागेचे आकारमान, उजेड, हवा, तापमान, अंथरूण, संसर्ग झाल्यास वेगळी खोली, आगीपासून बचाव, आणि येण्याजाण्याच्या तारखा व धन्याचा पत्ता लिहिलेले नोंदबुक, एवढ्या गोष्टी त्याने सक्तीच्या केल्या. २०१८ मध्ये नवे नियम आले, पण गाभा तोच राहिला. आपल्याकडे २०१७ आणि २०१८ मध्ये जे नियम झाले त्यांचा रोख कुत्र्यांची पैदास आणि पाळीव प्राण्यांची विक्री यांवर आहे. चार दिवस मुक्कामाला ठेवणे हा त्यांचा मुख्य विषय नाही. १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत जनावर सोडून जाणाऱ्याला दोषी ठरविते खरे, परंतु मूळ कायद्यातला पहिल्या अपराधाचा दंड पन्नास रुपयांपलीकडे जात नाही. सरकारी नोंदबुकाची वाट पाहत बसण्यापेक्षा प्रत्येक दवाखान्याने स्वतःची एक वही घालावी हे बरे.

वहीत काय असावे? प्रथम, गावातील अशी पाचसहा घरे जिथे माणसे दिवसभर असतात, कुत्र्याची सवय आहे, आणि एका वेळी एकाहून अधिक पाहुणा घ्यायची हाव नाही. निवृत्त शिक्षक, माजी सैनिक, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून सुटीत घरी आलेली मुले, यांत असे लोक सापडतात. घर आपण स्वतः जाऊन पाहावे, आणि पाहताना दिवाणखान्यात चहा घेत बसू नये, कंपाउंडभोवती चालावे. फाटकाखालची फट किती, मागची भिंत किती उंच, टाकीवर झाकण आहे की नाही, उंदरांचे औषध कोठे ठेविले आहे, हे डोळ्यांनी पाहावे. नव्या जागी पहिल्या दोन दिवसांत कुत्रे पळते ते बहुधा गळपट्ट्यातून मान मागे ओढून. म्हणून पट्टा दोन बोटे शिरतील इतकाच सैल आणि अंगपट्टा वेगळा, आणि बिल्ल्यावर सांभाळणाऱ्याचा नंबर, कारण धन्याचा नंबर त्या आठवड्यात विमानात असतो.

आपल्या भागाचे दोन धोके बाहेरच्या पुस्तकांतून हवे तसे कळत नाहीत. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात घरात बेदाण्याचे खोके नाही असे घर विरळा, आणि पाहुणे कुत्रे रुसले म्हणून त्याच्या तोंडात मूठभर बेदाणे घालणारी प्रेमळ आजी तर घरोघर आहे. द्राक्षाने वा बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधेल याचा नेम नाही, ही गोष्ट त्या आजीला आपण स्वतः सांगितली पाहिजे. चिठ्ठीवर लिहून भागत नाही. दुसरा धोका कराड, पाटण, शिराळ्याच्या उसाचा. तिकडे रात्री अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला वाढलेले ताट. लांडग्याची जागा बिबट्याने घेतली, स्मृतिकारांचा दोष मात्र त्याच माणसाकडे राहिला.

खाण्याविषयी एवढेच की ज्वारीच्या भाकरीवर आणि दुधावर वाढलेल्या कुत्र्याला पाहुणचार म्हणून एकदम पाकिटातले महाग खाद्य घालू नये. घरचे जे असेल तेच द्यावे, आणि सोबत न धुतलेली गोधडी पाठवावी. ती धुवून, इस्त्री करून पाठविणारे स्वच्छताप्रिय पुणेरी पाहुणे आम्ही पाहिले आहेत. गोधडीचा सगळा उपयोग त्यांनी साबणाबरोबर वाहवून टाकलेला असतो. कुत्रे म्हातारे वा भित्रे असेल तर त्याला हलविण्यापेक्षा सांभाळणाऱ्यानेच त्याच्या घरी निजायला जावे. लसी निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे पुऱ्या व्हाव्यात, हे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणीच पाळीत नाही.

न पाळण्याचे कारण असे की आपण हा विषय धनी निघण्याच्या आदल्या दिवशी काढतो, किंबहुना तोच काढतो. खरी वेळ वार्षिक लसीकरणाची. त्या दिवशी कार्डावर रेबीजच्या तारखेखाली एक ओळ वाढवावी : अचानक जावे लागल्यास हे कुत्रे कोणाकडे? कारण सुटीची गैरहजेरी निदान सांगून येते. मिरजेच्या इस्पितळांत रोज किती माणसे छातीत कळ आली म्हणून दाखल होतात आणि किती बंगल्यांची दारे आतल्या कुत्र्यासह बाहेरून लागतात! आणि ऑगस्ट २०१९ विसरण्याजोगा नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले, माणसे होडीत बसली, कुत्री गच्चीवर राहिली, आणि काही माणसे कुत्र्यापायी होडीत बसेनात. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळात हेच झाले, तेव्हा पुढच्याच वर्षी त्यांनी आपत्तीच्या आराखड्यांत पाळीव जनावरांचा समावेश करणारा कायदा केला. आपल्याकडे २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. सांगली शहरातील बंधूंनी निदान आपल्या वहीतली दोन घरे पूररेषेच्या वरची निवडावीत.

या सगळ्याचे शुल्क घ्यावे काय, असे विचारले जाईल. जरूर घ्यावे, आणि पावतीवर त्याचे नाव लिहून घ्यावे : घरतपासणी, करारनामा, मुक्कामातील एक भेट. सांभाळणाऱ्याकडून मात्र दलाली घेऊ नये. ज्या घराकडून आपण पैसे घेतो त्या घरातली गोचीड आपल्याला दिसेनाशी होते.

शेवटी त्या करारनाम्यातील एका रकान्याविषयी. बारा-तेरा वर्षांचे कुत्रे मागे ठेवून सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या जोडप्याला, ते परत येईतो कुत्रे नसण्याचा संभव आहे, असे तोंडावर सांगणे कठीण असते, म्हणून आपण ते सांगत नाही. मग इकडे मध्यरात्री पोटाला पीळ पडलेले जनावर टेबलावर असते, तिकडे फोन उचलला जात नाही, सांभाळणारी बाई पदराने डोळे पुसत म्हणते, "मी कशी हो म्हणू? माझं थोडंच आहे ते," आणि शस्त्रक्रिया करावी की सुखाने जाऊ द्यावे हे ठरविण्याचा अधिकार त्या खोलीत कोणापाशीच नसतो. किती रकमेपर्यंतचा उपचार विचारल्यावाचून करावा, धनी न सापडल्यास कोणाचा शब्द अखेरचा मानावा, आणि यातनामुक्तीला संमती कोण देईल, या तीन प्रश्नांची उत्तरे नावानिशी लिहून घ्यावीत. तो रकाना कोरा ठेवून कोणी खाली सही करू लागले, तर कागद परत त्यांच्यापुढे सरकवावा.