ध्यानाची कसोटी समाजात

‘झेन’ म्हणजे मूळचे ‘ध्यान’च. धम्म पोथीतून नव्हे, स्वानुभवातून कळतो, हे झेनचे म्हणणे मोलाचेच. बुद्धही स्वतः येऊन पाहा, असेच सांगतात. पण अनुभव एकट्यापुरताच राहिला तर? १९७९ साली प्रिन्स्टनच्या जागतिक धर्मपरिषदेत जपानच्या सोतो झेन पंथाच्या धुरीणाने सांगितले, आमच्याकडे बुराकू समाजाशी भेदभाव होत नाही. प्रत्यक्षात त्याच पंथाच्या मंदिरांत बुराकू मृतांना हीनतादर्शक नावे दिली गेली होती! बुराकू चळवळीने जाब विचारला, तेव्हा पंथाने चूक कबूल केली. शतकांच्या ध्यानाला जे दिसले नाही, ते पीडितांच्या अनुभवाने दाखवले. बांधवांनो, ध्यान जरूर करा. पण डोळे उघडल्यावर शेजाऱ्याचे दुःख दिसते का, तेही तपासा.