पत्ता खोटा, जनुकं खरी

एका अमेरिकन कंपनीने 2025 च्या एप्रिलमध्ये लांडग्याची तीन पांढरी पिल्लं दाखवली आणि दहा हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेला 'डायर वुल्फ' परत आणल्याची दवंडी पिटली. एक 13 हजार वर्षांपूर्वीचा दात, एक 72 हजार वर्षांपूर्वीची कवटी, त्यांतून मिळवलेला डीएनए, आणि आजच्या करड्या लांडग्याच्या जनुकांत केलेले 20 बदल. एवढ्यावर मेलेलं जनावर जिवंत झालं म्हणे! इथे सुरतेत, आमच्या उधन्यात, मोबाइलवर ती पिल्लं बघून भले भले हरखले. आता आपल्याकडचं हरवलेलं गुलाबी डोक्याचं बदक कधी परत येणार, असं मलाच विचारू लागले, जणू मी त्याची ऑर्डर घेऊन बसलोय.

जुन्या कातड्यातून डीएनए काढण्याच्या शास्त्राशी माझं भांडण नाही. 1984 साली जर्मनीतल्या माइन्झच्या संग्रहालयातल्या क्वागाच्या कातड्याला चिकटलेल्या वाळक्या मांसातून कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी 229 अक्षरं वाचली आणि नामशेष क्वागा झेब्र्याचा सख्खा ठरला. हे खरं काम. भांडण आहे ते कातडं म्हणजे बियाणं आणि नमुन्याच्या पायाला बांधलेली गाव-सालाची चिठ्ठी म्हणजे रद्दी, असं समजणाऱ्यांशी. त्यांना मांडवीची गोष्ट ऐकवली पाहिजे.

मांडवी म्हणजे आपल्या सुरत जिल्ह्यातली, तापीकाठची. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने 1873 साली शास्त्राला सांगितला. पुढे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात, तळोदा-शहादा भागात तो गोळा केला. 1884 नंतर पक्षी गायब. अपवाद एकच. रिचर्ड माइनर्त्झहागन नावाच्या ब्रिटिश कर्नलकडे एक कातडं होतं, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं होतं: मांडवी, 1914. म्हणजे डेव्हिडसननंतर तीस वर्षांनी पक्षी जिवंत होता, आणि तोही गुजरातेत. पक्षिशास्त्राने हे निमूट मान्य केलं. कर्नलसाहेबांच्या शब्दावर शंका कोण घेणार?

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी घेतली. डेव्हिडसनची कातडं भरण्याची स्वतःची एक पद्धत होती, आणि कर्नलच्या पक्ष्यात तिच्या खुणा सापडल्या. कुणीतरी शिवण उसवली होती, आतला मालमसाला बदलला होता आणि पुन्हा टाके घातले होते. डेव्हिडसनने 1880 च्या दशकात मारलेला पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून ढापून, नव्याने भरून, नवा पत्ता लावून कर्नलने आपल्या नावावर केला होता. 1999 साली हे 'आयबिस' या नियतकालिकात छापून आलं. आम्ही खानदेशी लोक पोटासाठी नंदुरबारहून रेल्वेचं तिकीट काढून सुरतेला आलो. हा पक्षी मात्र मेल्यावर, शाईच्या एका फटकाऱ्यात आला. याच कर्नलला नमुने पळवल्याच्या संशयावरून त्या संग्रहालयाने एकदा दीड वर्ष पक्षीदालनाचं दार बंद केलं होतं, आणि 1954 मध्ये त्याचाच सुमारे 20 हजार कातड्यांचा संग्रह मानाने पदरात घेतला. यापरता कोडगेपणा कुठला?

आता डीएनए-भक्तांनी उत्तर द्यावं. या कातड्याचा एक तुकडा यंत्रात घातला असता तर काय कळलं असतं? हा रानपिंगळाच आहे, शंभर टक्के अस्सल. जनुकांनी कर्नलला प्रमाणपत्रच दिलं असतं! चोरी पकडली ती टाके न्याहाळणाऱ्या आणि जुन्या चिठ्ठ्या ताडून बघणाऱ्या माणसांनी. आणि 1997 च्या नोव्हेंबरात बेन किंग, रासमुसेन आणि डेव्हिड अॅबट यांना पक्षी जिवंत दिसला तो शहाद्याजवळच, जिथला पत्ता डेव्हिडसनने प्रामाणिकपणे लिहून ठेवला होता. 113 वर्षांनी. तो पिंगळ्यांतला की वेगळाच, हा त्याच्या कुळाचा वाद मात्र डीएनएनेच सोडवला. 2018 साली भारतीय संशोधकांनी तो पिंगळ्याच्याच गोतावळ्यातला असल्याचं दाखवलं. ज्याचं श्रेय त्याला.

यावर एक शहाणा मला म्हणाला, "पण नंतर डांगमध्ये, पूर्णा अभयारण्यात रानपिंगळा सापडलाच ना? म्हणजे गुजरातेत तो होताच. कर्नल फार चुकला नाही." वा! शेजाऱ्याची वही बघून लिहिलेलं उत्तर बरोबर आलं, म्हणून पोरगा हुशार! डांगचा पक्षी डांगमध्ये हिंडलेल्यांनी शोधला. मांडवीच्या चिठ्ठीने त्यात काडीची मदत केलेली नाही.

आणि आपण काय सांभाळतो? दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय 26 एप्रिल 2016 च्या पहाटे जळून खाक झालं. दोन दिवस हळहळ, मग शांतता. त्या कपाटांत काय काय होतं, हे किती जणांनी विचारलं?

इतकं लांब जायलाही नको. या भागातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा संग्रह बघायला गेलो होतो. फॉर्मॅलिन चहासारखं तांबूस झालेलं, आत एक साप, बरणीवरच्या कागदाला कसर लागलेली. नावातली दोन अक्षरं शिल्लक; गाव नाही, साल नाही, पकडणाऱ्याची सही नाही. फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या मांसातून धड डीएनए काढणं किती जिकिरीचं असतं, हे शिकवणाऱ्यांना ठाऊक असावं अशी माझी भाबडी समजूत. हा साप कुठला, असं विचारलं तर विभागप्रमुख म्हणाले, "कुठला म्हणजे? सापच आहे, दिसतोय ना." वर अभिमानाने सांगितलं, की डीएनए प्रयोगशाळेसाठी अनुदानाचा प्रस्ताव गेलाय, यंत्रांची कोटेशनंही आली आहेत. नमुन्यांची नोंदवही बघायला मागितली, तर शिपायाने हजेरीपट आणून दिला.