पर्सेंटाइलचे माप आणि अकरावीचे विषय

बारावीनंतरच्या सी. ई. टी. परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी मुदखेडचे एक फुलवाले शेतकरी आमच्याकडे पेढे घेऊन आले. “गुरुजी, पोराला शंभरात अठ्ठ्याऐंशी पडले म्हणतेत!” आम्ही कागद पाहिला. ते अठ्ठ्याऐंशी गुण नव्हते, पर्सेंटाइल होते. पेढा हातातच राहिला. बापाची समजूत घालण्यात आमची सायंकाळ गेली, आणि मनाजोगे कॉलेज मिळाले नाही तेव्हा बोल मात्र पोराला बसला.

बंधूंनो, हे माप नीट समजून घ्या. सन २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर निरनिराळ्या पाळ्यांत होते. एका पाळीची प्रश्नपत्रिका सोपी, दुसरीची कठीण असू शकते, म्हणून नुसते गुण न जोखता आपल्या पाळीत आपल्याएवढे किंवा आपल्याहून कमी गुण शेकडा किती मुलांना पडले ते मोजतात. अठ्ठ्याऐंशी म्हणजे शेकडा बारा मुले पुढे. सर्व मिळून तीन लाख मुले बसली असे धरले, तर सुमारे छत्तीस हजार पुढे झाली. काकड्याच्या फुलांचा भाव ठाऊक नाही असे घर मुदखेडात विरळा. टोपली कितीही भरगच्च असो, त्या दिवशी बाजारात माल किती उतरला त्यावर भाव ठरतो. हे माप तसेच आहे. ते मुळात खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. पाळ्या अनेक असल्या म्हणजे असे काही करावेच लागते.

खोटे आहे ते या मापाच्या नावावर चाललेले सांगणे. त्याच शेतकऱ्याची धाकटी मुलगी यंदा अकरावीला जाते. फुलांच्या पट्टीचा हिशेब घरात तीच करते. अडत्याची चूक तिनेच दोनदा पकडली. तिला कोणा क्लासवाल्याने सांगितले, “गणित सोड. जीवशास्त्राच्या गटात पर्सेंटाइल लवकर चढते.” काय हे ज्ञान! प्रश्न सोपे असले तर ते सर्वांनाच सोपे. शिवाय त्या गटात डॉक्टरीसाठी दोन-दोन वर्षे घासलेली मुलेही उतरतात. चढायचे ते त्यांच्या डोक्यावरून. आणि गणित एकदा सोडले की अभियांत्रिकीची वाट बंद, कारण ती यादी भौतिक, रसायन व गणित या गटावर लागते. त्यातही दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे. गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवण्याची मुभा आहे. मेहनत वाढते खरी, पण दोन्ही दारे उघडी राहतात. हे मात्र कोणी सांगत नाही.

मराठीचेही तेच झाले आहे. मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येते, त्यात गुण भरभरून पडतात, म्हणून विज्ञानाकडची मुले मायबोली सोडून मोकळी होतात. वास्तविक सी. ई. टी.च्या पर्सेंटाइलमध्ये ना मराठी मोजली जाते ना माहिती तंत्रज्ञान. मग हा सौदा कशासाठी?

पूर्वी कुळकर्ण्याच्या दप्तरात काय लिहिले आहे हे कुणब्याला कळत नसे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षणात हिशेब आणि शेतीचे ज्ञान मागितले ते उगाच नव्हे. आज दप्तर क्लासवाल्याकडे गेले आहे, एवढाच फरक. आणि तो जातीने आपल्यातलाच असला म्हणून फसवणूक गोड होत नाही. सन २००८ मध्ये सरकारने निरनिराळ्या मंडळांचे गुण एका मापात आणण्यासाठी अकरावीच्या प्रवेशाला पर्सेंटाइलचे सूत्र लावले, तेव्हा शहरातील जाणते पालक मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले आणि ते सूत्र रद्द झाले. आमच्या बांधवांना कोर्टात जाणे दूरच, कागद वाचून दाखवणाराही भेटत नाही. प्रवेशाच्या माहितीपुस्तकात हा हिशेब सोप्या मराठीत, उदाहरणासह छापावा, एवढे सरकारने करावे. त्याला पैसा लागत नाही.

मुलीचा अर्ज अद्याप भरावयाचा आहे. बाप म्हणतो, क्लासची अर्धी फी भरून झाली. फी बुडाली तरी चालेल, गणित बुडू देऊ नका, असे आम्ही त्यांना सांगितले आहे. ज्यांना असाच कागद समजून घ्यावयाचा असेल त्यांनी येत्या रविवारी सायंकाळी शाळेच्या ओट्यावर यावे. निकाल बरोबर आणावा, आणि मुलीलाही आणावे.