किलोवॉटच्या हिशेबात विसरलेले व्होल्ट

केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ जाहीर केली आणि 75,021 कोटी रुपयांच्या तरतुदीसह एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले. तेव्हापासून सौरऊर्जेची सारी चर्चा किलोवॉटच्या भाषेत चालते. तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान, गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये, इतक्या किलोवॉटमागे इतके युनिट. ग्राहकाला समजेल असा हा हिशेब आहे आणि तो चुकीचाही नाही. मात्र छतावर बसलेली यंत्रणा पंचवीस वर्षे टिकणार की तिसऱ्या हिवाळ्यात बंद पडणार, हे ठरवण्यात ज्या आकड्याचा मोठा वाटा असतो तो किलोवॉटचा नव्हे, व्होल्टचा असतो. ग्राहक आणि ठेकेदार यांच्या बोलण्यात तो क्वचितच येतो.

सौर पॅनेल एकामागून एक जोडले, की त्यांचे विद्युतदाब एकमेकांत मिळवले जातात. अशा जोडणीला पॅनेलची माळ, कारागिरांच्या बोलीत ‘स्ट्रिंग’, म्हणतात. माळ जितकी लांब, तितका दाब अधिक. आणि तेवढीच वीज कमी प्रवाहात वाहून नेता येत असल्याने तारेतील नासाडीही कमी. दाब दीडपट केला तर त्याच तारेतील नासाडी निम्म्याहून खाली येते. म्हणूनच राजस्थानातील भाडलासारख्या विस्तीर्ण उद्यानांच्या धर्तीवरील प्रकल्पांत 1,000 व्होल्टऐवजी 1,500 व्होल्टची रचना रूढ झाली. दाब मर्यादेच्या जवळ नेण्याचा मोह आर्थिकदृष्ट्या अगदी रास्त आहे. प्रश्न एवढाच, की मर्यादा नेमकी कोणत्या दिवशी मोजायची?

येथे सर्वसाधारण समजूत फसते. सौर यंत्रणेवर सर्वाधिक ताण वैशाखातल्या दुपारी येत असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पॅनेल तापले की त्याचा विद्युतदाब घटतो आणि गारठले की वाढतो. पॅनेलच्या माहितीपत्रकावरील आकडे 25 अंश सेल्सिअसला मोजलेले असतात. त्याखाली गेलेल्या प्रत्येक अंशामागे, भार नसतानाचा दाब साधारण पाव ते 0.3 टक्क्याने चढतो. शिवाय ऊन कोवळे असल्याने दाबही कोवळा असेल, असे मानण्याचे कारण नाही. प्रवाह उन्हाच्या प्रमाणात वाढतो. दाब मात्र सूर्य वर येताच थोड्याच वेळात जवळजवळ पूर्ण उंची गाठतो. पॅनेल रात्रभराच्या थंडीने गार, वर स्वच्छ ऊन आणि इन्व्हर्टरने अद्याप भार घेतलेला नाही, अशी डिसेंबर-जानेवारीतील सकाळ ही खरी कसोटीची वेळ असते. त्यात आपल्याकडील भारनियमनाची भर. ग्रिडची वीज जाताच सुरक्षेच्या नियमानुसार इन्व्हर्टर वीज घेणे थांबवतो, पण पॅनेल काही थांबत नाहीत. ती भार नसतानाचा संपूर्ण दाब इन्व्हर्टरच्या दारात लावून उभी राहतात.

निफाडचे उदाहरण पाहू. द्राक्षबागांच्या या परिसरात हिवाळ्यात पारा 5-6 अंशांपर्यंत उतरणे नवलाचे नाही. समजा, तेथील एखाद्या शीतगृहावर कमाल 1,100 व्होल्टचा इन्व्हर्टर आहे. काही वर्षांपूर्वीच्या 46 व्होल्टच्या 21 पॅनेलची माळ माहितीपत्रकानुसार 966 व्होल्टची होई. 5 अंशांना त्यात सुमारे 6 टक्के वाढ धरली, तरी दाब 1,024 च्या आसपास राहतो. व्यवहार बिनधोक. आता त्याच जागी आजचे, अधिक शक्तीचे, भार नसताना 51 व्होल्ट देणारे पॅनेल आले. त्याची थंडीतील वाढही तुलनेने कमी आहे. ठेकेदाराने सवयीने पुन्हा 21 पॅनेल ओवले, तर कागदावर 1,071 व्होल्ट होतात. मर्यादेच्या आत, म्हणून कोणाला शंका येत नाही. परंतु 5 अंशांच्या सकाळी हाच आकडा 1,125 च्या घरात जातो. माळेतील पॅनेलची संख्या तीच, इन्व्हर्टर तोच. बदलले ते फक्त पॅनेल.

यात दोष नव्या पॅनेलचा नाही. दोष ‘एका माळेत इतके बसतात’ या पाठांतराचा आहे. पॅनेल दर दोन-तीन वर्षांनी बदलत आहेत आणि पाठांतर मात्र जुनेच आहे.

मर्यादा ओलांडल्याचे परिणाम तत्काळ दिसतीलच असे नाही. इन्व्हर्टरमधील संधारित्रे आणि अर्धवाहक भाग काही सकाळी तग धरतात, मग एक दिवस निकामी होतात. अनेक इन्व्हर्टर आलेल्या दाबाची नोंद स्वतःच ठेवतात. कमाल दाब ओलांडणे हे हमी नाकारण्याचे सर्वमान्य कारण असल्याने ग्राहकाच्या हाती वाद घालण्यासारखे फारसे उरत नाही. याहून गंभीर बाब आगीची. एकदिश प्रवाह प्रत्यावर्ती प्रवाहासारखा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, त्यामुळे सैल जोडातून एकदा ठिणगी पेटली की ती आपोआप विझत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने एक-दोन कुटुंबांच्या घरांवर 600 व्होल्ट आणि अन्य इमारतींवर 1,000 व्होल्ट अशी कमाल मर्यादा घातली आहे. तीही ठिकाणच्या किमान तापमानाचा हिशेब धरून.

दुसऱ्या टोकाची मर्यादाही आहे. चंद्रपुरात पारा 46-47 अंशांवर गेला की छतावरचे पॅनेल 70 अंशांपर्यंत तापते, आणि चालू स्थितीत 42 व्होल्ट देणारे पॅनेल 36 व्होल्टच्या आसपास येते. छताचे तुकडे असल्यामुळे एखाद्या संस्थेने पाचच पॅनेलची माळ केली असेल, तर दाब 180 व्होल्ट भरतो. इन्व्हर्टर 200 व्होल्टपासून काम करणारा असेल, तर ऐन उन्हात ती माळ नुसती शोभेची. येथे काही जळत नाही. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही आणि कमी युनिटचे खापर धुळीवर फुटते.

या साऱ्याने तीन किलोवॉटच्या घरमालकाने धास्तावण्याचे कारण नाही. त्याच्या छतावरील सहा पॅनेल 300 व्होल्टच्या आसपास राहतात आणि छोट्या इन्व्हर्टरची मर्यादा बहुधा 500 ते 600 व्होल्ट असते. धोका आहे तो गृहनिर्माण संस्था, शाळा, शीतगृहे आणि लहान कारखाने यांना. मोठ्या प्रकल्पांकडे अभियंत्यांचा ताफा असतो. या मधल्या गटाकडे असतो तो एक ठेकेदार आणि सर्वांत कमी दराची निविदा. वितरण कंपनीची तपासणी स्वाभाविकपणे ग्रिडच्या बाजूकडे झुकलेली असते. छतावरच्या माळा मोजणे हे तिचे मुख्य काम नव्हे.

उपाय महागडा नाही. अनुदानाच्या कागदपत्रांत अर्ध्या पानाची एक आकडेमोड सक्तीची करता येईल: त्या गावचे आजवरचे किमान तापमान, पॅनेलचा तापमान गुणांक, माळेतील संख्या, त्यावरून निघणारा थंडीतील दाब आणि शेजारी इन्व्हर्टरची मर्यादा. सरकार ती मागत नसेल, तर संस्थेच्या कार्यकारिणीने निविदेतच मागावी. निफाडच्या उदाहरणात 21 ऐवजी 20 पॅनेल घेतले की त्याच सकाळी दाब 1,071 व्होल्टवर राहतो. काढलेले पॅनेल वाया जाते असेही नाही. निराळ्या माळेत ते सामावता येते. मात्र इन्व्हर्टरच्या एकाच एमपीपीटीला समांतर जोडलेल्या माळांतील पॅनेलची संख्या सारखी ठेवावी लागते.